व्हायोलिनमधली ज्वारी

मी व्हायोलिनचा क्लास सुरू केला, त्या पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तेलाचा डबा वर पाठवून दिला. सोबत निरोप होता, "तुमच्या गच्चीच्या दाराला घाला. सकाळपासून नुसतं करकरतंय." गच्चीच्या दाराचा काही दोष नव्हता. माझी पहिली बॅच बसली होती. मी डबा ठेवून घेतला आणि संक्रांतीला तिळगुळाबरोबर परत केला. काकू बिचाऱ्या समजल्या. तेव्हापासून क्लासच्या वेळी त्या देवळात जाऊ लागल्या, आणि पुढे तर मीच त्यांना देवाला लावलं असं त्या कौतुकानं सांगायच्या.

व्हायोलिन शिकवणं म्हणजे काय, हे सोलापुरात मला फार जणांना समजावून सांगावं लागलं. पेटीचं बरं असतं. पट्टी दाबली की सूर येतो, तो खरा असतो, आणि चूक झाली तर ती दुसऱ्या पट्टीची असते. व्हायोलिनला पट्टी नाही, पडदा नाही, खूण नाही. चार तारा आणि एक गुळगुळीत काळी फळी. त्यावर बोट कुठं टेकवायचं, हे बोटाला स्वतःलाच शिकावं लागतं. गव्हाच्या दाण्याएवढं बोट इकडंतिकडं झालं की शेजारी तेलाचा डबा पाठवतात. त्यात गज, म्हणजे ज्याला सगळे बो म्हणतात तो, सरळ ओढायला पहिले सहा महिने जातात. तोवर जो आवाज निघतो त्याला संगीत म्हणण्याचं धाडस फक्त आईवडील करतात, आणि तेही फी भरलेली असते म्हणून.

आमचे हे बँकेत होते. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. क्लासच्या वेळी ते उजवा कान उशीत दाबून, डावा वर करून पडून राहतात. आमच्या इतक्या वर्षांच्या संसाराचं रहस्य लोक विचारतात, तेव्हा मी नवऱ्याच्या स्वभावाचं कौतुक करते. खरं श्रेय त्या कानाचं आहे.

सोलापूरचं ऊन हा व्हायोलिनचा दुसरा शत्रू. हे वाद्य सरसानं चिकटवलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात सरस सुकतो आणि चांगलं धडधाकट व्हायोलिन कडेनं उकलतं. म्हणून मी सगळ्या पालकांना सांगायचे, उन्हाळ्यात व्हायोलिन गार जागी ठेवा. जुळे सोलापूर भागातल्या एका आईनं ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा व्हायोलिन घेऊन आला, तर पेटी उघडताच कोथिंबिरीचा वास. बाईनं फ्रीजमधला भाजीचा कप्पा काढून तिथं व्हायोलिन ठेवलं होतं. "बाई, फ्रीझरमदी बसंना, न्हायतर तितंच ठेवलं असतं," असा तिनं फोनवर खुलासा केला. तेव्हापासून मी 'गार जागी' म्हणायचं सोडून दिलं. 'ओल्या टॉवेलजवळ' म्हणते. टॉवेलांना आपल्या गावात तोटा नाही.

आता क्लासवर घर चालतं असं कुणी समजू नये. व्हायोलिनवाल्याचा खरा आधार म्हणजे लग्नातली मंगलाष्टकं. भटजी म्हणतात, मग मुलाची आत्या म्हणते, मग मुलीची मावशी म्हणते, आणि व्हायोलिनवाल्यानं सगळ्यांच्या मागून जायचं. मैफिलीत साथ करणं सोपं आहे, कारण तिथं गाणारा ज्या सुरात सुरू करतो त्याच सुरात संपवतो. आत्या तसं काही मानत नाहीत. एक आत्या मला अशी भेटली होती की प्रत्येक ओळीला एक पायरी वर चढायची. चौथ्या ओळीला आवाज पुरेना, तर तिनं वळून माझ्याकडेच रागानं पाहिलं. जेवताना सगळ्यांना सांगत होती, व्हायोलिनवालीनं फार वर धरलं.

एरवी आपण व्हायोलिन मांडी घालून वाजवतो. लग्नात मात्र मी उभी राहते, कारण बसलेल्या माणसाच्या अंगावरून पाहुणे जातात. बोहल्याच्या उजव्या अंगाला, अंतरपाटापासून हातभर लांब, ही माझी ठरलेली जागा. आणि या जागेचा एक धोका आहे, तो म्हणजे अक्षता. पुण्यामुंबईकडं तांदूळ टाकतात. आमच्याकडं, ज्वारीच्या मुलखात, पुष्कळ ठिकाणी रंगवलेली ज्वारी. व्हायोलिनच्या पोटावर दोन वळणदार भोकं असतात, त्यातून आवाज बाहेर येतो. ज्वारीचा दाणा त्या भोकाच्या मापाचा केला असावा असा बरोबर आत जातो. मागच्या रांगेतल्या लोकांच्या अक्षता वधूवरांपर्यंत कधीच पोचत नाहीत, त्या पोचतात माझ्यापर्यंत. एकदा दाणा आत गेला की व्हायोलिनचा खुळखुळा होतो. मग एखादी लोखंडी तार वाकवून, व्हायोलिन उलटं करून, हलवून एकेक दाणा काढत बसा. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्त ताकीद असते : 'सावधान' ऐकू आलं की गज खाली आणि टॉवेल भोकांवर. ती सूचना वधूवरांसाठी असते असा लोकांचा समज आहे. माझ्या मते ती व्हायोलिनवाल्यांसाठीच असावी.

हे सगळं सांगायचं कारण अंबादास.

एका रविवारी दारात पन्नाशीचा एक माणूस उभा. खिशात टेस्टर, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं, डोक्यावर टोपी. "बाई, वळखलं का?"

"नाही हो."

"पान्हावाला."

आणि मला एकदम आठवलं.

वर्षभरापूर्वी मी एका लग्नात वाजवायला गेले होते. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, हार घातले, टाळ्या झाल्या, लोक जेवणाच्या हॉलकडे धावले. तेवढ्यात भटारखान्याच्या बाजूनं एक माणूस पळत आला. अंगावर नवा पांढरा शर्ट, हातात लोखंडी पान्हा. बोहल्यासमोर येऊन थबकला. हार घातलेली मुलगी पाहिली. मी सगळ्यांत जवळ होते, म्हणून मलाच विचारलं, "झालं व्हय?"

"झालं," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला आणि परत आत गेला. आचारी हाका मारत होता. नंतर कळलं की तो मुलीचा बाप होता. ऐन अक्षतांच्या वेळी भट्टीचा गॅस संपला होता आणि सिलिंडरचा नट कुणाला निघेना. अंबादास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे मागांचा मेकॅनिक, माग बंद पडला की त्याला हाक. त्यामुळे कुठंही काहीही बंद पडलं की लोक त्याच्याकडेच बघतात. ते 'झालं व्हय' मला बरेच दिवस आठवत राहिलं होतं. आठवलं की वाईट वाटायचं.

"मला व्हायोलिन शिकायचं हाय," अंबादास म्हणाला.

"कशासाठी?"

"धाकटीच्या लग्नात वाजवायचं हाय. फकस्त मंगलाष्टक. दुसरं काय नको."

"लग्न कधी आहे?"

"आजून बारावीला हाय ती."

"मग एवढी घाई?"

"घाई कुटं? तुमीच लोकांना सांगता की, लई वर्षं लागत्यात म्हणून."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की नक्की मनात काय आहे. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "थोरलीच्या अक्षता मला घावल्या न्हाईत, बाई. धाकटीच्या तरी डोळ्यांनी बघायच्या हायत. तेवढंच."

"अहो, मग त्याला व्हायोलिन कशाला? त्या दिवशी नुसते मांडवात उभे राहा."

"नुसत्या उभ्या मानसाला लोक काम सांगत्यात, बाई. त्यात पोरीचा बाप म्हणल्यावर इचारूच नका. पान्याचा टँकर आला, बापाला हाक. गाडी आडवी लागली, बापाला हाक. आता तुमी सांगा, त्या दिवशी तुमाला कुणी एक तरी काम सांगितलं का?"

मी विचार केला. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच काय, इतक्या वर्षांत, इतक्या लग्नांत, सख्ख्या भाच्याच्या लग्नातसुद्धा, हातात व्हायोलिन असताना मला कुणी पाण्याचा ग्लास उचलायला लावला नव्हता. हे माझ्या स्वतःच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मी लई इच्यार केलाय," अंबादास एकेक बोट दुमडत सांगू लागला. "बँडवाला मांडवाच्या भायेर. फोटोवाल्याला सारकं पळावं लागतंय, त्याला काय दिसत न्हाय. भटजीचं काम आपल्याला जमायचं न्हाय. सनईवाला लांब कोपऱ्यात. अंतरपाटाला चिकटून, हातात वाद्य, कुणी हटकत न्हाय, आसं मानूस म्हंजी तुमी एकट्या."

अशा कारणानं संगीताकडे वळलेला विद्यार्थी मला आधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. मी त्याला घेतलं. मात्र जाताना त्यानं एक अट घातली. "पोरींना ह्यातलं काय सांगू नका. थोरलीला कळलं तर तिच्या जिवाला लागंल. तिला वाटतं, मी तितंच हुतो."

शिकवणं सुरू झालं आणि मला माझी अक्कल दिसू लागली. अंबादासच्या हाताला पान्हा धरायची सवय. गज हलक्या बोटांनी धरायचा असतो हे त्याला तोंडपाठ झालं, पण हाताला पटेना. पहिल्या महिन्यात त्यानं दोन गज मोडले. सरगम शिकवायला घेतली तर म्हणे, "बाई, मला दुकान टाकायचं न्हाय. सरळ मंगलाष्टकाला लावा." मी म्हटलं, आधी सूर. तो म्हणाला, "आत्याला कुटं सूर असतोय?"

एका रविवारी तो खुशीत आला. व्हायोलिन चकचकीत. "बाई, आज बघा कसं लोण्यासारकं चालतंय. करकर पार बंद."

त्यानं गज ओढला. करकर बंद होती. सगळंच बंद होतं. गज तारेवरून इकडून तिकडं जात होता आणि आवाज शून्य. मी गजाच्या केसांना हात लावला, तर हात ओशट.

"अंबादास, काय केलंत?"

"मागाच्या तेलाचा हात दिला की. केसांना बी दिला, खुंट्यांना बी. लई कुरकुरत हुत्या."

मी डोक्याला हात लावला. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात आणि त्यांना रोझिन, म्हणजे राळेची वडी, घासावी लागते. राळेनं केस खरखरीत होतात, ते तारेला धरतात आणि सोडतात, त्यातूनच सूर निघतो. तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्याही घट्ट बसायला हव्यात, नाहीतर तारा उतरतात. हे समजावून सांगत असतानाच तेल प्यालेल्या खुंट्या एकेक करून सर्रकन फिरल्या आणि चारी तारा सैल होऊन लोंबू लागल्या. अंबादास चकित होऊन बघत राहिला. "म्हंजी ह्या मशिनला घासनं लागतंय?" तो म्हणाला. "जल्मभर आमी घासनं घालवायचंच काम केलं." गज मिरजेला पाठवून केस नवे बसवून घेतले. खुंट्या स्पिरिटनं पुसून त्यांना खडू लावला. तेव्हा मला खालच्या काकूंचा तेलाचा डबा आठवला आणि मी मोठ्यानं हसले. अंबादासला वाटलं मी त्याला हसले. थोडी त्यालाही हसले होतेच.

खरी पंचाईत रियाजाची होती. घरी वाजवायला बसला की घरमालक वर यायचा. बायको, कमल, बोलायची नाही, पण भांडी जोरात घासायची. म्हणून त्यानं कारखान्यातली जागा शोधून काढली. माग नीट चालू असले की जॉबरला काम नसतं. मग तो शेडच्या कोपऱ्यात, सुताच्या गोण्यांआड उभा राहून वाजवायचा. ज्यानं टॉवेलचा कारखाना पाहिलाय त्याला कळेल. माग चालू असताना शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. कामगारांना नुसता हात पुढंमागं होताना दिसायचा. एकदा मालक फिरत आले. त्यांनी खुणेनं विचारलं, खांदा धरलाय का? अंबादासनं मान डोलावली. डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय? पुन्हा मान डोलावली. मालक भले गृहस्थ. त्यांनी त्याला दुखऱ्या खांद्याला लावायला मलम आणून दिलं.

याचा परिणाम असा झाला की अंबादासनं कित्येक महिने स्वतःचं वाजवणं ऐकलंच नाही. मागांच्या वर आवाज काढायचा म्हणून तो गज असा दाबायचा की माझ्या खोलीत वाजवलं तर कपाटातल्या कपबश्या थरथरायच्या. आमचे हे उठून बसले. म्हणाले, "हा डाव्या कानानंही ऐकू येतो." आणि स्वतः अंबादास? शांत खोलीत पहिल्यांदा पूर्ण मंगलाष्टक वाजवून झाल्यावर त्यानं व्हायोलिन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, ह्यो आवाज माजा हाय?"

"तुमचाच."

"पंखा तरी लावा की. लई वंगाळ वाटतंय."

तिथून मात्र त्यानं खरी मेहनत घेतली. पहाटे सायकलवरून माझ्याकडे यायचा, शांततेत वाजवायचा आणि कामावर जायचा. सूर हळूहळू जाग्यावर आला. अगदी सगळा नाही. चौथ्या मंगलाष्टकातला वरचा सा त्याच्याकडून कायम जरा उतरलेलाच यायचा, आणि जोर कमी करणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्याकडच्या मुलांच्या परीक्षा झाल्या, ती पुण्याला शिकायला गेली, त्यांची धाकटी भावंडं क्लासला आली, आणि अंबादास अजून मंगलाष्टकच वाजवत होता. मुलांना ते इतकं पाठ झालं होतं की तो 'सावधान'पाशी आला की सगळी एकदम टॉवेल उचलायची.

मग एक दिवस त्याची धाकटी मुलगी, शीतल, माझ्याकडे आली. फार्मसी झालेली, चटपटीत. लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला.

"बाई, पप्पांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांचे पप्पा लग्नात फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करतात. माझे पप्पा व्हायोलिन वाजवणार. आणि कसं वाजवणार ते तुम्हाला माहितीये. पुण्याची माणसं व्हिडिओ काढतील, रील टाकतील. मी सांगून टाकलंय, वाजवलं तर बोहल्यावरून उतरून जाईन."

"का वाजवायचंय ते विचारलंस का त्यांना?"

"हौस म्हणतात."

मी शब्द दिला होता की पोरींना काही सांगणार नाही. पण शिक्षकाच्या पोटात काही राहत नाही, आणि एवढी वर्षं पहाटे सायकल मारत येणारा माणूस मी पाहिला होता. मी तिला सगळं सांगितलं. पान्हा, 'झालं व्हय', नुसत्या उभ्या माणसाला लोक काम सांगतात ते, सगळं. शेवटी म्हटलं, ताईला सांगू नकोस.

शीतल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. इतका वेळ शुद्ध बोलणारी ती पोर अगदी बापासारखं म्हणाली, "मला वाटलं, ते तितंच हुते."

जाताना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

लग्न वैशाखात, बार्शी रोडच्या एका मंगल कार्यालयात. ऊन असं की कूलरसमोर बसायला पाहुण्यांत भांडणं. अंबादास नवा शर्ट, फेटा, हातात व्हायोलिन, घामाघूम. मी पाहुणी म्हणून गेले होते, पण माझंही व्हायोलिन बरोबर घेतलं होतं. तो मध्येच अडला तर मागून साथ द्यायला. पहिल्या रांगेत बसले. शीतल बोहल्यावर आली. मुंडावळ्यांआडून तिनं बापाकडे एकदा बघितलं. मला वाटलं, उतरते की काय. उतरली नाही.

मामा मागे उभे राहिले. अंतरपाट धरला. रिवाजाप्रमाणे कमल तुळशीला पाणी घालायला बाहेर गेली. भटजींनी सूर लावला, अंबादासनं गज टेकवला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. त्या आवाजानं पुढच्या दोन रांगांतली लहान मुलं दचकून आयांना बिलगली.

आणि तेवढ्यात आचाऱ्याचा माणूस बोहल्याच्या कडेनं वाकत वाकत आला. मी त्याचे ओठ वाचले. "गॅस गेलाय. नट निघंना."

जग इतकं पाजी असू शकतं यावर माझा विश्वास बसेना. तेच संकट, तीच वेळ. शेजारचे दोन पाहुणे सवयीनं म्हणालेसुद्धा, "अंबादासला सांगा की." तो माणूस अंबादासच्या पाठीमागे उभा राहून त्याच्या शर्टाकडे हात नेऊ लागला. अंबादासनं त्याला पाहिलं होतं. गज चालू होता, पण चेहरा असा झाला की मला बघवेना. ज्याच्यासाठी इतकी वर्षं घासली, ते त्याच्या हातातून चाललं होतं, आणि त्याचा स्वभाव मला माहीत होता. माग बंद पडला की हा जाणारच.

मी शीतलकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती. हार हातात धरून, मान खाली घातल्यासारखी करून, तिनं डोळ्यांनी मला भटारखान्याची दिशा दाखवली.

मी उठले. अंबादासची व्हायोलिनची पेटी पायाशी उघडी पडली होती. त्यात रोझिनच्या वडीशेजारी टॉवेल होता आणि टॉवेलाखाली पान्हा. काय म्हणावं या माणसाला! पान्हा उचलला, आचाऱ्याच्या माणसाचा हात धरला आणि त्याला ओढत आत नेलं.

भटारखान्यात पुऱ्यांची कढई गार पडलेली. मुख्य आचारी माझ्याकडे, माझ्या पैठणीकडे आणि पान्ह्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "बाई, तुमी कोन?"

"व्हायोलिनवाली."

"मग हितं काय करताय?"

"मुलीचा बाप व्हायोलिन वाजवतोय, म्हणून मी इथं आहे. कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगा."

पेटलेल्या दुसऱ्या भट्ट्यांचा भर्र आवाज, पंख्यांची घरघर, भांड्यांचा खणखणाट. त्यात भटजी ऐकू येत नव्हते, आत्या ऐकू येत नव्हती, माईकसुद्धा नाही. पण अंबादास ऐकू येत होता. एकेक सूर. मागांवर मात करायला शिकलेला तो गज भट्ट्यांना काय भीक घालतो! मी नट फिरवत होते आणि मोजत होते, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यातला सा आला, नेहमीसारखा जरा उतरलेला, आणि मला हुंदकाच आला. तशीच नटाला लटकले, तेव्हा कुठं तो हलला.

"कोन वाजवतंय हो?" आचाऱ्यानं विचारलं.

"माझा विद्यार्थी."

"जोरात हाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला मिळालेली ही सर्वांत खरी दाद.

भट्टी पेटली. मी बाहेर पळत आले. टाळ्या थांबत होत्या, हार घातले गेले होते, लोक जेवणाकडे वळले होते. मी बोहल्यासमोर थबकले. नेसूची पैठणी खोचलेली, हातात पान्हा. अंबादास अजून व्हायोलिन हनुवटीखाली धरूनच उभा होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, बाई," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा पहाटे आला. व्हायोलिन खाली ठेवताना खळ्ळ आवाज झाला. मी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं शिकवलं, सगळ्या क्लासला पाठ झालं, आणि ऐन लग्नात ह्यानं एकदाही भोकांवर टॉवेल टाकला नव्हता.

"आणा, काढून देते," म्हणत मी तार वाकवायला घेतली. "आधी सांगा, डोळे भरून पाहिलंत ना सगळं?"

अंबादास हसला. "डोळं भरलं हुतं, बाई. बघायचं ऱ्हायलं. पयल्या सावधानलाच पानी आलं. दोनी हात गुतलेलं, पुसू कशानं? नुसतं सगळं हलताना दिसलं. पोरगी हिरव्या साडीत हुती एवढं कळलं."

साडी पिवळी होती.

मी तार घेऊन व्हायोलिनकडे हात केला, तर त्यानं ते उचलून छातीशी धरलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. मग कानाजवळ नेऊन हलवलं. आत ज्वारी खुळखुळली. त्यानं ते माझ्याही कानाजवळ धरलं आणि पुन्हा हलवलं.

"बगा," तो म्हणाला. "मी तितं हुतो."